चेंबरवरचं नाव

मोटारीखाली आडवं पडून चेंबर उतरवणं हे एकट्याचं काम आहे. मदतीला कुणी आला की नको तिथे हात घालतो, वर "आता काय करू?" असं विचारत बसतो, आणि शेवटी तेल आपल्याच डोळ्यांत जातं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या पोटाखाली तेल धरून ठेवणारी पत्र्याची एक खोल परात असते, तिला आम्ही चेंबर म्हणतो. आयुष्यात मी शंभरेक तरी उतरवली असतील. बाकीची आठवत नाहीत. एकच आठवतं, जे मी दोनदा उतरवलं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला तेव्हा तीन-चार वर्षं होती. नाशकात एका डॉक्टरसाहेबांकडे मी ड्रायव्हर होतो. ड्रायव्हर म्हणजे नुसतं चाक फिरवणारा नव्हे. आजकाल किल्ली फिरवता आली की लोक स्वतःला ड्रायव्हर म्हणवून घेतात, त्यांचं मला हसू येतं. आम्ही मोटार हाकायचो, धुवायचो आणि बिघडली की तिचं पोटही फाडायचो. साहेबांची मोटार कापडी टपाची, अमेरिकन बनावटीची, देवळालीच्या छावणीतल्या एका गोऱ्या अंमलदाराकडून घेतलेली. तो विलायतेला परत निघाला होता. साहेबांचा बंगला गावाबाहेर गंगापूरच्या रस्त्याला होता. मागे मोटारखाना, आणि मोटारखान्याला लागून माझी खोली.

खोली एका माणसाला मोठी होती. लग्न झालं तेव्हा ती दोघांना पुरेल असं बघूनच साहेबांनी दिली होती. अकरा महिने पुरली. मग बायको माहेरी सिन्नरकडे गेली, तिथे तिला ताप भरला, आणि मला निरोप मिळून मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला नदीवरची राख तेवढी दाखवली.

तिसऱ्या महिन्यात तिचे वडील बैलगाडी घेऊन आले. आमच्याकडची रीत अशी की मुलगी गेली आणि मागे मूल नसलं, तर लग्नात दिलेली भांडी माहेरी परत जातात. सासरे दारातच उभे राहिले. त्यांना बोलवेना, मला विचारवेना. शेवटी मीच हंडा उचलला आणि गाडीत ठेवला. मग कळशी, पातेली, ताटं, परात, तांब्या, अगदी ताक वाढायच्या कावळ्यापर्यंत सगळं. प्रत्येक भांड्याच्या काठावर टोच्यानं मारलेल्या बारीक ठिपक्यांनी तिचं नाव घातलेलं होतं. मी एकेक भांडं देत गेलो आणि नाव वाचत गेलो. एक वाटी तरी मागून घ्यायला हवी होती. सासऱ्यांनी नाही म्हटलं नसतं. पण त्या वेळी मला माझ्या चांगुलपणाचा मोठा अभिमान वाटत होता, आणि असला अभिमान माणसाला कुठे नेऊन ठेवतो ते मला नंतर कळलं.

त्यानंतर मी दुपारी भद्रकालीच्या एका खाणावळीत जेवायचो आणि संध्याकाळी खोलीवर पत्रावळीवर. पत्रावळीला घासणं नाही, धुणं नाही आणि तिच्यावर कुणाचं नावही नाही. नातेवाईक म्हणायचे, "दुसरं कर, वय काय तुझं!" मी "बघू" म्हणायचो. "बघू" हा फार सोयीचा शब्द आहे, त्यावर माणसाचं अख्खं आयुष्य निघून जातं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या काळी नवरा-बायको एकमेकांना नावानं हाक मारत नसत. तिनं माझं नाव घेतलं ते उखाण्यात. मी तिचं घेतलं ते लग्नाच्या पंक्तीत, घास भरवताना, बायकांनी अडवून धरलं म्हणून, आणि तेही मान खाली घालून. पुढे "अगं" आणि "ऐकलंस का" एवढ्यावर आमचे अकरा महिने भागले. ती गेल्यावर तर तिचं नाव कुणापुढे घ्यायचा प्रसंगच नव्हता. लोक "ती बिचारी" म्हणायचे. साहेब "तुझी मंडळी" म्हणायचे. तीन अक्षरांचं नाव होतं, आणि ते माझ्या तोंडून एकदाच बाहेर पडलं होतं.

पावसाळा सरताना त्र्यंबकच्या रस्त्यावर खडीतला एक धोंडा चाकाखालून उडाला आणि चेंबरवर आदळला. साहेबांना तिथल्या तिथे टांगा करून दिला, आणि मोटार बैल लावून मोटारखान्यात आणली. खाली शिरून पाहिलं, तर चेंबरच्या बुडाला माझा अंगठा जाईल एवढी चीर.

मग ते पहिल्यांदा उतरवलं. कडेनं बावीस बोल्ट. माझी एक सवय होती. मी पत्रावळ घेऊन तिच्यात बोल्ट खोचत जायचो. मोटारीचं तोंड ज्या बाजूला, पत्रावळीचं वरचं पान त्या बाजूला, आणि जो बोल्ट जिथला तो पत्रावळीत तिथेच. परत बसवताना शोधाशोध नाही. शेवटचे दोन बोल्ट समोरासमोरचे ठेवायचे आणि आळीपाळीनं अर्धा अर्धा आटा सोडवायचे, नाहीतर चेंबर एका बाजूला लटकून आतल्या दांड्यांना लागतं. ते बुचाच्या पॅकिंगला चिकटून बसतं. तिथे पाना घालून उचकटणारे गाढव असतात. हातोडीच्या लाकडी दांड्यानं चारी बाजूंनी हलकेच ठोकत जायचं, म्हणजे ते आपण होऊन सुटतं आणि दोन्ही तळव्यांवर येऊन बसतं. तेलानं माखलेलं, कोमट. त्या दिवशी ते असं हातात आलं तेव्हा मला आमची घरातली परात आठवली. वजनही साधारण तेवढंच होतं.

नवं चेंबर मुंबईहून यायला महिना लागला असता. मोटार नसली तर साहेबांचे खेड्यांतले रोगी कोण बघणार? मी चेंबर घासलेटनं धुतलं, फडक्यात गुंडाळलं आणि तांबट आळीत गेलो. नाशकात तांब्या-पितळेची भांडी ठोकणारी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची. तिथे शिरलं की ठोक्यांच्या आवाजात स्वतःचा विचारही ऐकू येत नाही, म्हणून ती आळी मला आवडायची. एक म्हातारे तांबटकाका माझ्या ओळखीचे होते. त्यांनी चेंबर फिरवून फिरवून पाहिलं.

"कुठल्या लग्नातली परात ही?"

"मोटारीची आहे, काका."

"असेना. बूड फुटलंय तेवढं कळलं."

त्यांनी चिरलेला भाग कापून काढला, तिथे तांब्याचा वीतभर पत्रा रिबिटा मारून बसवला आणि कडेनं वितळलेल्या कथलाचा डाग देऊन सांधा बुजवला. पाणी भरून ठेवलं, थेंब गळेना. काम फक्कड झालं. मी उठणार, तोच काकांनी चेंबर पालथं घातलं, लहान हातोडी आणि टोच्या उचलला आणि मान वर न करता विचारलं, "नाव काय घालू?"

सवय. त्यांच्या दुकानातून नाव घातल्याशिवाय भांडं बाहेर पडत नसे. आयुष्यभर त्यांनी काम संपलं की हाच प्रश्न विचारला असेल. मी हसायला हवं होतं. "काका, मोटारीला कसलं नाव?" म्हणायला हवं होतं. सगळ्या आळीत ठणठणाट चालला होता, माझं बोलणं शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं. मी खाली वाकलो आणि त्यांच्या कानाशी तिचं नाव घेतलं.

काकांनी ठिपके मारायला सुरुवात केली. आधी वरची रेघ सरळ, ठिपक्याला ठिपका लागून. मग खाली एकेक अक्षर. भांड्यावर मारतात त्याच्या दुप्पट मोठं, कारण पत्रा मोठा होता आणि हात रंगात आला होता. संपल्यावर ते म्हणाले, "मोटारीचं नाव ठेवलंस होय? शोकी आहेस." मी हो म्हटलं.

चेंबर बसवलं. नाव खाली, रस्त्याकडे तोंड करून. मोटारीखाली आडवं पडल्याशिवाय ते कुणाला दिसणार नव्हतं, आणि मोटारीखाली आडवं पडणारा मी एकटा. दुसऱ्याच्या मोटारीवर आपल्या बायकोचं नाव घालणं हा आगाऊपणा होता, हे मला कळत होतं. पण खरं सांगतो, मला बरं वाटलं. साहेबांना घेऊन गावोगाव फिरताना आमच्या दोघांच्या खाली ते नाव रस्त्यावरून चाललंय, एवढं मनात आलं की वाट कमी वाटायची. दर रविवारी ग्रीस भरायला खाली गेलो की मी ते वाचायचो. तीन अक्षरं वाचायला किती वेळ लागतो? मला अर्धा तास लागायचा.

दिवाळीच्या सुमाराला नाव ओलं दिसलं. तांबं मऊ, पत्रा पातळ, आणि काकांचा हात रंगात. ठिपके कुठे कुठे आरपार गेले होते आणि त्यातून तेल पाझरत होतं. पाझरलेल्या तेलावर रस्त्याची धूळ बसली आणि नाव काळंभोर उठून आलं. आता ते बोट फिरवून वाचावं लागत नव्हतं. मला आनंद झाला, हे कबूल करतो.

खरं तर त्याच दिवशी चेंबर उतरवून तांबट आळीत न्यायला हवं होतं. काकांनी वरून डाग ओतला असता, पाझर बंद. पण नावही बुजलं असतं. म्हणून मी नेलं नाही. रोज सकाळी काडी घालून तेल बघायचो आणि कमी असेल तेवढं वरून ओतायचो. रात्रीपुरता मोटारीखाली एक डबडा ठेवायचो. बाहेरगावी जाताना तेलाचा एक डबा सीटखाली लपवून न्यायचो. एकदा फरशीवरचा डाग साहेबांच्या नजरेला पडला. "थेंब कसले रे हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जुनी मोटार, साहेब. घाम येतो तिला." साहेब हसले. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, त्याचा मी असा उपयोग केला.

पौषातली एक सकाळ. दिंडोरीकडच्या एका खेड्यातून एक तरणा शेतकरी सायकल मारत आला, थंडीतही घामानं निथळलेला. त्याची बायको दोन दिवस अडली होती. सुईणीनं हात टेकले होते. साहेबांनी चहाचा कप अर्धा ठेवला, बॅग घेतली आणि आम्ही निघालो. तो मागे बसला होता, पण टेकत नव्हता. दोन्ही हातांनी माझ्या सीटची पाठ धरून वाकून बसला होता, जणू तोच मोटार पुढे ढकलत होता.

पक्का रस्ता सोडून गाडीवाटेला लागलो. चाकोऱ्या खोल, मोटार डोक्यापासून पायापर्यंत हादरत होती. गाव दोनेक मैलांवर राहिलं असेल, तोच माझी नजर तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर गेली. काटा पडत होता. मी बघता बघता तो शून्यावर टेकला. मी तिथेच इंजिन बंद केलं. तशीच पुढे हाकली असती तर मैलभरात आतली बेरिंगं वितळून इंजिन कायमचं जाम झालं असतं.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"तेल गेलं साहेब. डाग उकलला बहुतेक."

"किती वेळ?"

"खाली बघितल्याशिवाय सांगता येत नाही."

साहेब माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली उतरले, बॅग त्या शेतकऱ्याच्या डोक्यावर दिली आणि म्हणाले, "आम्ही चालत जातो. हे बघ, मूल आडवं असलं तर मला तिथे काही करता येणार नाही. तिला नाशकात इस्पितळात न्यावं लागेल, आणि बैलगाडीत ती टिकणार नाही. मोटार चालू कर. कशीही कर."

दोघं झपाझप गेले. हरभऱ्याच्या शेतांमधून त्यांची डोकी दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिलो. मग मोटारीखाली शिरलो.

डाग शाबूत होता. रिबिटा शाबूत होत्या. पत्रा नावाच्या वरच्या रेघेवर फाटला होता. ठिपक्याला ठिपका लागून मारलेली ती सरळ रेघ, आणि तीन महिन्यांचे हादरे. टाचणीनं भोकं पाडून ठेवलेला कागद फाटावा, तसा तो या टोकापासून त्या टोकापर्यंत उकलला होता. खाली धुळीत तेलाचं थारोळं, आणि वर ती तीन अक्षरं आपल्या रेघेपासून सुटून लोंबत होती.

तिथे आडवा पडून मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. तिकडे एक बाई दोन दिवस तळमळत होती. ती मेली तर कशानं मेली, हे जगात फक्त मला ठाऊक असणार होतं. माझी बायको गेली तेव्हा मी वेळेवर पोचलो नव्हतो, त्यात माझा दोष नव्हता. आता दुसऱ्या कुणाच्या बायकोला उशीर होत होता, तो मात्र सगळा माझा. आणि तो मी तिच्या नावानं केला होता.

पुढचा आस जॅकवर उचलून खाली दगड रचले. पत्रावळ नव्हती, पण बांधावर पळस होता. त्याची मोठी पानं घेऊन त्यात बोल्ट खोचत गेलो. बावीस. शेवटचे दोन आळीपाळीनं. घाईत असलं तरी तिथे घाई चालत नाही. चेंबर तळव्यांवर आलं, या वेळी हलकं, रिकामं.

दुरुस्ती काय करायची ते मला दिसत होतं. तांबं मऊ असतं, ठोकलं की पसरतं. पत्र्याखाली गुळगुळीत धोंडा धरायचा, वरून हातोडीनं फाटलेल्या कडा एकमेकींवर चेपत न्यायच्या, ठिपके ठोकून ठोकून मिटवायचे, आणि वर हत्यारांच्या पेटीतला धुण्याचा साबण मळून चामड्याच्या चकतीसकट दाबून बसवायचा. साबण तेलाला दाद देत नाही. नाशिकपर्यंत नक्की टिकला असता. फक्त ठोकायचं होतं ते नावावर. बाजूला ठोकून भागणार नव्हतं.

चेंबर धोंड्यावर पालथं घातलं आणि हातोडी उचलली. हात खाली येईना. आजूबाजूला मैलभर माणूस नव्हतं. दूर कुठेतरी एक टिटवी ओरडत होती, बाकी सगळं शांत. मग मी तिला हाक मारली. नावानं, चांगली मोठ्यानं. शेताच्या दुसऱ्या टोकाला काम करणाऱ्या बाईला नवऱ्यानं मारावी तशी. पंक्तीत घेतलं ते लाजून, काकांच्या कानात घेतलं ते चोरून. अशी हाक मी तिला कधीच मारली नव्हती. पहिल्यांदा मारली ती ती गेल्यावर दीड वर्षांनी, दिंडोरीच्या वाटेवर. थोडा वेळ थांबलो. कुणाची ओ येणार नव्हती हे मला कळत होतं, तरी थांबलो.

मग ठोकायला सुरुवात केली. पहिलं अक्षर गेलं तेव्हा मी रडत होतो. तिसरं जाईपर्यंत माझं लक्ष कडा नीट बसतात की नाही यावर होतं. कामाचं असंच असतं, ते माणसाला फार वेळ रडू देत नाही.

साबण दाबून चेंबर वर धरतोय, तोच तो शेतकरी धावत आला. त्याला धाप लागली होती.

"डागदर म्हनले मोटार घिऊन या. नाशकाला न्यायचं हाय. जित्ती हाय अजून, पर लय दमली हाय वं."

"ये खाली," मी म्हटलं. "हे दोन्ही हातांनी वर दाबून धर. हलू नको."

तो मोटारीखाली सरकला आणि त्यानं चेंबर तळव्यांवर तोलून धरलं. मी पळसाच्या पानांतून एकेक बोल्ट काढून चढवत गेलो. वरून निथळणारं तेल त्याच्या डोळ्यांत गेलं. त्यानं डोळे मिटून घेतले, पण हात हलवला नाही आणि "आता काय करू?" असं एकदाही विचारलं नाही. एकट्याचं काम म्हणून मी जे म्हणतो, त्यात एवढा एक अपवाद.

सीटखालचा लपवलेला डबा काढून सगळा ओतला. हँडल मारलं. काटा थरथरला आणि वर आला.

त्या बाईला पांघरुणात गुंडाळून मागच्या सीटवर निजवलं, सासूनं डोकं मांडीवर घेतलं, साहेब तिची नाडी धरून खाली दाटीवाटीनं बसले. पुढे माझ्या शेजारी तो. साऱ्या वाटेत मी एक डोळा चाकोरीवर आणि एक डोळा काट्यावर ठेवला. मागून कण्हणं ऐकू यायचं तेव्हा जीव अर्धा व्हायचा, थांबलं की उरलेला अर्धा जायचा. दुपार कलता कलता इस्पितळाच्या फाटकात शिरलो. बाईला आत नेलं, सासू मागोमाग गेली, साहेब बाह्या सारत गेले.

बाहेर व्हरांड्यात कारकून वही उघडून बसला होता. बाकावर चार-सहा माणसं होती.

"बाईचं नाव?" कारकुनानं विचारलं.

शेतकऱ्यानं आतल्या दाराकडे पाहिलं.

"अहो, नाव सांगा बाईचं. कोण तुमची?"

"घरातली हाय," तो खाली बघत म्हणाला.

"'घरातली' असं लिहू वहीत?"

बाकावरची माणसं हसली. त्याचे कान लाल झाले. "आमच्यात नाव घेत नाय जी," तो पुटपुटला. "आई आत गेली हाय. ती आली की सांगंल."

कारकून वैतागून टाक खाली ठेवणार, तेवढ्यात मी पुढे झालो. माझे हात कोपरापर्यंत काळे होते, त्यातला एक तसाच त्याच्या खांद्यावर ठेवला.

"घे बाबा नाव," मी म्हटलं. "मोठ्यानं घे. हसू दे त्यांना. ती आहे तोवर घेऊन घे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहून त्याला काय कळलं ते मला माहीत नाही. तो कारकुनाकडे वळला आणि त्यानं बायकोचं नाव सांगितलं, इतक्या मोठ्यानं की आतली नर्स दारात येऊन बघून गेली. पुन्हा कुणी हसलं नाही. कारकुनानं लिहून घेतलं.

दोन तास आम्ही दोघं पायरीवर बसलो. दिवस मावळायच्या आधी साहेब हात पुसत बाहेर आले. "बाई वाचली," ते म्हणाले. "मुलगी आहे. तीही ठीक आहे." मग माझ्याकडे वळून, "आणखी तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं. मोटार चालू केलीस ते फार चांगलं केलंस."

ती शाबासकी मी घेतली. खरं काय ते साहेबांना त्या दिवशी सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगायला जमलं नाही. ते गेले, मोटार गेली, आज लिहितोय.

तो शेतकरी उठून आत गेला. लांब व्हरांडा होता, खाटांची खोली शेवटाला. तो अर्ध्या वाटेवर असतानाच त्यानं तिला नावानं हाक मारली. क्षणभर काहीच नाही. मग आतून बारीक, दमलेली "ओ" आली.

मी फाटकाकडे आलो. सवयीनं डबडा काढला आणि मोटारीखाली वाकलो. साबण घट्ट बसला होता. तांब्याचा पत्रा सपाट दिसत होता. मी बोट फिरवून पाहिलं. कोरडा होता. दिवाळीपासून पहिल्यांदाच मोटारीखाली एकही थेंब नव्हता.